दोन बंधारे पाडले, मग सॅमन कमी का झाला? पेनॉबस्कॉट नदीचे प्रकरण

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, पेनॉबस्कॉट नदी आहे. २०११च्या हंगामात समुद्रातून या नदीत परतलेले तीन हजारांहून अधिक अटलांटिक सॅमन व्हीझी बंधाऱ्यावरच्या सापळ्यात मोजले गेले. जून २०१२मध्ये ग्रेट वर्क्सचा बंधारा पाडायला घेतला, जुलै २०१३मध्ये व्हीझीचा. २०१४ची मोजदाद संपली तेव्हा मासे भरले जेमतेम अडीचशे. कोट्यवधी डॉलर खर्चून नदी मोकळी केली आणि मासा बारा पटींनी घटला, असा अर्थ काढणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात.

हा अर्थ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळायला या माशाचे आयुष्य वर्षावर्षाने मांडावे लागते. २०१४मध्ये परतलेल्या बहुतेक माशांनी समुद्रात दोन हिवाळे काढले होते. म्हणजे ते नदीतून खाली उतरले २०१२च्या मे महिन्यात. तेव्हा दोन्ही बंधारे जागेवर होते. ग्रेट वर्क्सवर यंत्रे चढली ती त्यानंतरच्या महिन्यात. दोन्ही बंधाऱ्यांविना खाली गेलेली पहिली पिढी २०१४च्या वसंतातली, आणि तिचे दोन हिवाळे पुरे होतात २०१६ला. अडीचशेचा तो आकडा जुन्या नदीचा होता, पाडकामाचा नव्हे.

तरीही प्रश्न उरतोच. २०१६नंतर तरी मासा उसळून का आला नाही? २०१९ला सुमारे बाराशे, २०२०ला चौदाशेच्या वर, २०२१ला पुन्हा साडेपाचशेच्या घरात. वाढ आहे, पण अपेक्षेच्या मानाने किरकोळ.

नदी आणि करार

बंधारे बांधले जाण्यापूर्वी या नदीत दरसाल पन्नास हजार ते एक लाख सॅमन येत असावेत असा अंदाज आहे. १८३०च्या दशकात बँगोर शहराच्या आसपास लाकडाच्या गिरण्या वाढल्या, नदीवर आडवे बंधारे पडले, पुढे कागद गिरण्या आणि वीजघरे आली. १९१२पासून हंगामातला पहिला सॅमन राष्ट्राध्यक्षांना पाठवायचा रिवाज होता. तो १९९२ला थोरल्या बुश यांच्यापाशी थांबला. १९९९मध्ये मेनमध्ये गळाने सॅमन धरणेही बंद झाले, आणि २००९मध्ये पेनॉबस्कॉटचा सॅमन संघराज्याच्या कायद्याने धोक्यातला म्हणून नोंदवला गेला.

२००४मध्ये पेनॉबस्कॉट राष्ट्र ही मूलनिवासी जमात, पर्यावरण संस्था, सरकारी खाती आणि वीज कंपनी यांच्यात करार झाला. जमातीचे राखीव क्षेत्र म्हणजे याच नदीतली बेटे, त्यामुळे त्यांच्यासाठी हा घरातलाच प्रश्न होता. खालचे दोन बंधारे विकत घेऊन पाडायचे. हाउलंडच्या तिसऱ्या बंधाऱ्याला वळसा घालणारा, नैसर्गिक ओढ्यासारखा पाट खोदायचा. आणि बुडालेली वीज उरलेल्या बंधाऱ्यांवर जादा यंत्रे बसवून भरून काढायची. तिन्हींच्या खरेदीला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. मिलफर्डच्या बंधाऱ्यावर २०१४मध्ये मासे उचलणारी नवी लिफ्ट आली. कंपनीची वीज घटली नाही म्हणूनच हा सौदा जमला; नुसत्या निसर्गप्रेमावर तो जमला नसता.

खडीतले सहा-सात महिने

आधी एक खुलासा. मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणून वाढला जाणारा रावस वेगळ्याच कुळातला, निव्वळ खाऱ्या-मचूळ पाण्यातला मासा आहे. महागड्या दुकानांत मिळणारा नारिंगी मांसाचा सॅमन मात्र याच जातीचा, पण समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला. आपण बोलतो आहोत तो नदीत जन्मून समुद्रात वाढणारा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मादी जागा निवडते ती डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी उथळ होऊन खळाळायला लागते. तिथे पाणी खडीतून खाली झिरपते आणि अंड्यांना ताजा प्राणवायू मिळतो. मादी कुशीवर वळून शेपटीचे फटके मारते. खडी उडते, प्रवाह बारीक गाळ वाहून नेतो, खळगा तयार होतो. त्यात अंडी आणि नराचे वीर्य एकाच वेळी पडते. मग मादी थोडी वर सरकून पुढचा खळगा खणते, आणि त्यातली खडी मागच्या अंड्यांवर बसते. अंडी साधारण १० ते ३० सेंटिमीटर खोल पुरली जातात. दाणा पाच ते सात मिलिमीटरचा. आपल्याकडच्या कुठल्याही गाबोळीशी तुलना केली तर अजस्र. मोठ्या दाण्यात अन्न जास्त असते, म्हणून पिल्लू पहिले महिने त्यावर काढू शकते. त्याचा तोटा म्हणजे संख्या कमी. समुद्रात दोन हिवाळे काढलेली मेनची मादी सरासरी साडेसात हजार अंडी घालते. तेवढ्याच आकाराच्या समुद्री माशांत हा आकडा लाखांत जातो.

इथे बिघडते ते बहुधा गाळामुळे. रस्त्यांच्या कडेची किंवा तोडलेल्या जंगलाची माती खडीच्या फटीत बसली की पाणी झिरपणे थांबते आणि अंडी गुदमरतात. दुसरा धोका तळाला धरणाऱ्या बर्फाचा. तो सुटताना खडीही खरवडून नेतो. अंड्याची वाढ तापमानावर चालते. आठ अंशांच्या पाण्यात दोनेक महिन्यांत फुटणारे अंडे मेनच्या गोठू पाहणाऱ्या नदीत मार्च-एप्रिलपर्यंत पडून राहते. फुटल्यावरही पिल्लू पोटाची पिवळी पिशवी घेऊन पाच-सहा आठवडे खडीतच असते. मेच्या मध्याला ते वर येते आणि पहिल्यांदा तोंडाने खाते. या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त मरतात, कारण प्रत्येकाला प्रवाहातला एक तुकडा स्वतःसाठी राखायचा असतो आणि तुकडे मोजकेच असतात.

पुढच्या अवस्थेतले बोटाएवढे पिल्लू, म्हणजे बोटुकली, अंगावर बोटांच्या ठशांसारखे आठ ते अकरा गडद पट्टे घेऊन खळाळत्या, गोट्यांच्या पाण्यात राहते. कीटकांच्या अळ्या खाते. पाणी १६-१७ अंशांचे असेल तर चांगली वाढते. २२-२३च्या वर गेले की खाणे सोडून थंड झरे शोधते. बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात हे सगळे बुडते. खळाळ जाऊन तिथे संथ, उबदार पाणी येते आणि बोटुकलीऐवजी तिला खाणारे मासे वस्ती करतात. चांगल्या नदीतही १०० चौरस मीटर खळाळातून वर्षाला दोन-तीन मासेच समुद्राकडे जायला तयार होतात, त्याहून जास्त नाही. वर कितीही बीज सोडले तरी ही मर्यादा हलत नाही.

काही नर बोटुकल्या नदीतच वयात येतात. हाताच्या पंजाएवढा नर मोठ्या जोडीच्या खळग्यात शिरून अंडी फळवतो. समुद्रातून नर कमी आले तरी अंडी वांझ राहत नाहीत ती बऱ्याच अंशी या चोरट्यांमुळे.

मे महिन्याची खिडकी

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दोन, क्वचित तीन वर्षांची बोटुकली पंधरा-वीस सेंटिमीटरची झाली की वसंतात दिवस लांबताना तिच्या शरीरात उलथापालथ होते. पट्टे चंदेरी थराखाली झाकले जातात, अंग सडपातळ होते, तळ धरून राहण्याची सवय सुटते. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. खरा बदल कल्ल्यांत होतो. गोड्या पाण्यात मासा क्षार बाहेरून ओढून घेतो आणि जादा पाणी लघवीवाटे टाकतो. समुद्रात नेमके उलटे: पाणी प्यायचे आणि क्षार बाहेर ढकलायचा. त्यासाठी कल्ल्यांतल्या पेशींत सोडियम बाहेर काढणारे विकर काही आठवड्यांसाठी अनेक पटींनी वाढते. याच काळात मासा नदीच्या वासाची खूण मेंदूत साठवतो. परतताना तो तीच खूण हुंगत येतो.

ही तयारी टिकाऊ नसते. पाणी तापत गेले आणि मासा समुद्राला पोहोचला नाही तर विकर उतरते, चंदेरी रंग फिकट होतो, खारे पाणी सोसण्याची ताकद जाते. म्हणजे स्मोल्टसाठी उशीर हेच मृत्यूचे एक कारण. वाहत्या नदीत तो प्रवाहाच्या जोरावर, बहुतांशी रात्री, सहज उतरतो. फुगवट्यात प्रवाह मंदावतो, दिशा हरवते, तो घुटमळतो. पुढे तीन वाटा असतात: सांडव्यावरून, खास ठेवलेल्या उतारमार्गाने, किंवा कचरा अडवणाऱ्या जाळीतून टर्बाइनमध्ये. पात्याचा थेट तडाखा बसला तर मेलेला मासा दिसतो तरी. बरेचदा मासा जिवंत बाहेर पडतो, फक्त काही खवले गेलेले असतात. गोड्या पाण्यात तो तगतो. खाडीत खारे पाणी लागले की उघड्या कातडीतून शरीरातले पाणी निघून जाते आणि तो तिथे मरतो, किंवा सुस्तावून पाणकावळ्याच्या तोंडी जातो. हा मृत्यू हिशेबात खाडीच्या खात्यावर पडतो, बंधाऱ्याच्या नव्हे. अंगात ध्वनी सोडणारे छोटे यंत्र बसवलेल्या स्मोल्टांच्या मागोव्यात जास्त बंधारे ओलांडलेले मासे खाडीत जास्त गळताना दिसले, तेव्हा ही चूक लक्षात आली.

आकडेमोड

एका जोडीपासून सुरुवात करू. ७५०० अंडी, त्यांपैकी दीड टक्का स्मोल्ट झाले असे धरले तर ११२. जोडीच्या जागी जोडी परत यायची तर ११२पैकी दोन यायला हवेत, म्हणजे सुमारे १.८ टक्के. अलीकडच्या दशकांत या किनाऱ्यावर नदीत वाढलेले स्मोल्टही बहुधा एक टक्क्याच्या खालीच परततात. अर्धा टक्का धरला तर जोडीमागे अर्धा मासा.

आता बंधारे. नदीच्या पूर्व फाट्यातून निघालेल्या स्मोल्टला पूर्वी मुख्य प्रवाहात पाच बंधारे लागत: वेल्डन, वेस्ट एनफील्ड, मिलफर्ड, ग्रेट वर्क्स, व्हीझी. आता पहिले तीन. समजा प्रत्येक ठिकाणी दहा टक्के गळतात. पाच बंधाऱ्यांनंतर शंभरातले ५९ उरतात, तीनांनंतर ७३. खाडीत पोहोचणारे मासे सुमारे पावपट वाढले. लपलेला, उशिरा येणारा मृत्यू जमेस धरला तर फायदा आणखी थोडा. ही वाढ छोटी नाही, पण २०१४च्या अडीचशेला तिने गुणले तरी तीनशे-सव्वातीनशेच होतात. समुद्रातले जगण्याचे प्रमाण मात्र तीन वर्षांत दहापटीने हलले. या नदीत दरसाल साडेपाच लाखांच्या आसपास मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले स्मोल्ट सोडले जात. ढोबळमानाने २०११ला त्यांतले हजारी पाच-सहा परतले, २०१४ला दहा हजारांत चार-पाच. एवढ्या मोठ्या लाटेवर पावपटीची सुधारणा मोजणीत दिसणारच नाही. त्याच सुमारास कॅनडातल्या मिरामिशीसारख्या नदीतही मासा पडला होता, आणि तिथे कुणी बंधारा पाडला नव्हता.

आणखी एक बारकावा. २०१३पर्यंत मोजणी व्हीझीला होई, त्यानंतर बरेच वर, मिलफर्डच्या लिफ्टमध्ये. दोन्ही आकडे एका रेघेत मांडताना हे सांगायला हवे. मोकळ्या झालेल्या खालच्या पट्ट्यातून मासा झपाट्याने वर येतो आणि मिलफर्डच्या पायथ्याशी अडतो. काही जण तिथे दिवसचे दिवस, काही आठवडे घुटमळतात. लिफ्टचे तोंड टर्बाइनच्या मोठ्या प्रवाहाशेजारी असते, आणि मासा नेहमी मोठ्या प्रवाहाकडे नाक करतो. जूनअखेर पाणी तापले की ही रखडपट्टी महागात पडते, कारण नदीत शिरल्यापासून मोठा सॅमन काही खात नाही. अंडी घालेपर्यंत अंगातल्या चरबीवरच भागवायचे असते.

हेरिंगचा आडोसा

प्रकल्पाचे खरे उघड यश सॅमनचे नव्हे, तर तारलीच्या कुळातल्या छोट्या नदी-हेरिंगचे. पूर्वी दोनेक हजार मोजले जात. काही वर्षांत आकडा वीस लाखांवर गेला. वरच्या तळ्यांना प्रौढ हेरिंग नेऊन सोडणे आणि लहान बंधाऱ्यांवर वाटा करणे याचाही त्यात मोठा वाटा आहे. त्यांचे बीज तीन-चार वर्षांत परत येते, एक मादी लाखभर अंडी घालते, आणि बोटुकलीसारखी दोन वर्षे नदीत काढायची नसतात. सॅमनच्या बाबतीत मंद असलेले सगळे इथे वेगवान. फराक्का बंधाऱ्याने १९७५नंतर गंगेतल्या ज्या हिलसाची वरची वाट तोडली, तोही याच गटातला. वाट मिळाली तर असे मासे किती लवकर उसळतात याचे हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

सॅमनला याचा उपयोग असा: मेमध्ये स्मोल्ट खाली उतरतात तेव्हाच हेरिंगचे थवे वर चढत असतात. सील, पाणकावळे, पट्टेरी बास यांना समोर मोठे, चरबीदार भक्ष्य असले तर छोटा स्मोल्ट निसटू शकतो. उलट बाजूही आहे: एवढे भक्ष्य आले की खाणारेही जमतात. कोणते पारडे जड, हे नदीनुसार बदलते.

समुद्र

खाडीतून निघालेला मासा लॅब्राडोर समुद्रातून बहुधा पश्चिम ग्रीनलंडच्या किनाऱ्याला जाऊन वाढतो. १९७१मध्ये तिथल्या मासेमारीत सुमारे २७०० टन सॅमन निघाला होता. त्यात मेनपासून युरोपपर्यंतच्या नद्यांचे मासे मिसळलेले. १९८३च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ही पकड टप्प्याटप्प्याने काही दहा टनांवर आली. तरीही मासा सावरला नाही, कारण १९९०च्या आसपास त्या समुद्राची अन्नसाखळीच बदलली. मुख्य खाद्य असलेला कॅपलिन हा छोटा मासा आणखी लहान आणि कमी चरबीचा झाला. त्याच्यातली ऊर्जा एक तृतीयांशाच्या आसपास घटल्याचे आढळले. तेवढीच शिकार करून मासा कमी पुष्ट होतो. याला नदीकाठी बसून कुणालाही उपाय करता येत नाही, आणि म्हणूनच नदीकाठच्या उपायांना जास्त किंमत येते: समुद्राने हजारी पाचच परत द्यायचे ठरवले असेल, तर समुद्रात पोचणारे हजार आधी वाढवावे लागतात आणि ते धडके असावे लागतात.

केंद्रातला मासा आणि नदीतला मासा

मिलफर्डला पकडलेल्या प्रौढांपैकी काहीशे दरवर्षी क्रेग ब्रूकच्या मत्स्यबीज केंद्रात जातात. हे काम १८७१मध्ये चार्ल्स ॲटकिन्स यांनी सुरू केलेले. ऑक्टोबरअखेर पोट दाबून अंडी काढतात, पाणी न घालता फळवतात, थंड वाहत्या पाण्यात ठेवतात. पुढे एल्सवर्थजवळच्या ग्रीन लेक केंद्रात उबदार पाणी आणि भरपूर खाद्य देऊन दोन वर्षांचे काम एका वर्षात उरकतात. गोम इथेच आहे. आकाराने स्मोल्ट दिसणारा हा मासा नदीत एक दिवसही राहिलेला नसतो, पक्ष्याला कधी बुजलेला नसतो, आणि वासाची खूण त्याला सोडल्या जागेची मिळते. म्हणून तो नदीतल्या स्मोल्टच्या निम्म्याने, कधी त्याहूनही कमी परततो. शेजारच्या केनेबेक खोऱ्यातल्या सँडी नदीत दुसरी वाट धरली आहे: भर हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून, पाण्याच्या जोराने खडी धुऊन, आतल्या पिल्लाचे डोळे दिसू लागलेली अंडी नरसाळ्यातून थेट खडीत पुरायची. हात आखडतील अशा थंडीतले हे काम, आणि परतणारे मासे सुरुवातीला थोडेच. पण जे परततात ते नदीने निवडलेले.

अंडी घालून झालेला सॅमन, प्रशांत महासागरातल्या भावंडांसारखा, मरतोच असे नाही. तो काडीसारखा बारीक होऊन नदीत हिवाळा काढतो आणि वसंतात खाली जातो. दुसऱ्यांदा आलेली मादी मोठी, अंडी कितीतरी जास्त. पण तिचे शरीर टर्बाइनच्या जाळीतून जात नाही. ती फुगवट्यात सांडवा सुरू होण्याची वाट पाहत अडकते. पेनॉबस्कॉटमध्ये अशा माद्या नगण्य उरल्या आहेत. मेमध्ये रात्री काही तास सांडव्यावरून पाणी सोडणे हा उपाय स्मोल्ट आणि या माद्या दोघांनाही लागू पडतो. उरलेल्या बंधाऱ्यांना स्मोल्टांपैकी ९६ टक्के सुखरूप उतरवण्याची अट आहे ती बहुतांशी अशाच मार्गाने पाळली जाते. त्या दराने तीन बंधाऱ्यांनंतर शंभरातले ८८ उरतात; ७३पासून ८८पर्यंतची ही मजल एकही भिंत न पाडता मिळते.

यापुढे लिफ्टवरचा एकूण आकडा पाहण्यापेक्षा खवले पाहावेत. पाठीवरच्या पराच्या मागे, मधल्या रेषेच्या वर काढलेले चार-पाच खवले सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारखे वाचता येतात. मधोमध दोन हिवाळ्यांची दाट, बारीक वर्तुळे दिसली तर मासा खडीत किंवा ओढ्यात वाढलेला. एकाच वर्षाची ऐसपैस वर्तुळे असली तर तो ग्रीन लेकच्या टाकीतला. त्यापुढे समुद्राची रुंद वर्तुळे. आज लिफ्टमध्ये चढणारे बहुतेक मासे दुसऱ्या प्रकारचे आहेत.